काचो ए पेपे करताना चीजच्या गुठळ्या होतात? कारणं आणि उपाय

लक्षणं बहुतेक घरांत सारखीच असतात. स्पॅगेटी नीट शिजलेली, मिरी छान भाजलेली, चीज किसून तयार. कढईत चीज पडतं, दोनदा ढवळलं जातं, आणि सॉस व्हायच्या ऐवजी चमच्याला एक चिवट गोळा चिकटतो. तळाशी पांढुरकं पाणी, त्यावर तेलकट थेंब, आणि पास्ता कोरडाच. पुढच्या वेळी चीज वाढवलं तरी तेच, कमी केलं तरी तेच. मग एखाद्या दिवशी काहीही न बदलता सॉस झकास जमतो आणि आधी नेमकं काय बिघडत होतं, याचा पत्ता लागत नाही.

काचो ए पेपे हा रोमचा पदार्थ. पास्ता, पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं खारट, मुरलेलं चीज, आणि काळी मिरी. बस. मूळ पदार्थात लोणी नाही, क्रीम नाही, लसूणही नाही. वीस-पंचवीस मिनिटांत होतो, दोघांना पोटभर पुरतो, आणि सोबत थंडगार व्हाइट वाईन असली तर आठवड्याचा शीण उतरवायला याच्यासारखं दुसरं जेवण नाही, असं माझं ठाम मत आहे. फक्त जिन्नस इतके कमी असल्यामुळे बिघडलेलं झाकायला जागा नसते. टोमॅटोच्या सॉसमध्ये चार गोष्टी खपून जातात, इथे नाही.

बिघडतं कुठे

बिघाडाची मुळं दोन: उष्णता जास्त आणि स्टार्च कमी. बहुतेक वेळा दोन्ही एकदमच असतात, म्हणून एकच गोष्ट सुधारून गुण येत नाही.

चीजमध्ये मुख्यतः प्रथिनं, स्निग्धांश आणि पाणी असतं. प्रथिनांच्या जाळ्यात स्निग्धांश धरून ठेवलेला असतो. तापमान साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ही प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटायला लागतात. जाळं आकसतं, आतला स्निग्धांश आणि पाणी बाहेर पडतं. चमच्याला चिकटतो तो गोळा म्हणजे आकसलेली प्रथिनं, आणि तळाशी तरंगतात ते थेंब म्हणजे त्यातून सुटलेला स्निग्धांश. नुकता निथळलेला पास्ता नव्वदीच्या वर असतो, कढई त्याहून तापलेली. अशा कढईत थेट चीज टाकलं तर ते गोळा होणारच, ढवळणारा हात कितीही सराईत असो.

या चिकटण्याला अडवतो तो स्टार्च. शिजून फुगलेला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. मराठी स्वयंपाकघराला ही युक्ती नवी नाही. ताकाची कढी उकळताना फुटू नये म्हणून आपण आधी ताकाला बेसन लावतो. तिथे बेसन जे काम करतं, तेच इथे पास्त्याच्या पाण्यातल्या स्टार्चने करायचं असतं. पण घरच्या पाण्यात तो बहुधा पुरेसा नसतोच.

२०२५ साली इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने या सॉसचा रीतसर अभ्यास ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांना त्यासाठी भौतिकशास्त्राचं इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा गमतीदार पुरस्कार. गंमत बाजूला ठेवली तरी हाताशी आलेला आकडा फार मोलाचा आहे. चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असला तर सॉस टिकतो, १ टक्क्याच्या खाली गेला तर गुठळ्या होतात. ४ टक्क्यांच्या पलीकडे गेलात तर गुठळ्या होत नाहीत, पण सॉस निवल्यावर खळीसारखा घट्ट होतो.

मग रोममधल्या खानावळीत वरून स्टार्च न घालता कसं जमतं? तिथे एकाच मोठ्या भांड्यातल्या पाण्यात एकामागून एक पास्ता शिजत राहतो आणि ते पाणी पेजेसारखं दाट होत जातं. घरी आपण एकदाच, दोन मुठी पास्ता, तोही भरपूर पाण्यात शिजवतो. तेव्हा अंदाजावर विसंबण्यापेक्षा चमचाभर कॉर्नफ्लोअर मोजून घेणं शहाणपणाचं. यात अस्सलपणाला बाध येतो असं मला मुळीच वाटत नाही. पास्त्याच्या पाण्यात असतो तो स्टार्चच, आपण घालतो तोही स्टार्चच.

दोघांसाठी न चुकणारं प्रमाण

स्पॅगेटी १८० ग्रॅम, चीज १२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३ ग्रॅम, म्हणजे एक सपाट लहान चमचा, आणि मिरी दीड ते दोन लहान चमचे. शक्य असेल तर चीज काट्यावर मोजा. किसलेल्या चीजची वाटी फसवी असते, कीस बारीक असला तर त्याच वाटीत निम्मंच चीज मावतं.

फोडणीच्या लहान कढईत ३० मिलिलिटर पाण्यात कॉर्नफ्लोअर कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. आधी ते दुधासारखं दिसतं. मग कडेने चकाकी येऊ लागते, दुधाळपणा जातो आणि चमचा फिरवल्यावर मागे तळ दिसतो. तिथे गॅस बंद. हा टप्पा गाळून कॉर्नफ्लोअर थेट चीजवर भुरभुरवलं तर त्याचा काही उपयोग नाही, कारण कच्चा स्टार्च फुगलेला नसतो आणि जिभेला पिठूळ लागतो तो वेगळाच. आता त्यात ६० मिलिलिटर गार पाणी घाला. यामुळे मिश्रण लगेच कोमट होतं आणि चीजला चटका बसत नाही.

हे मिश्रण आणि किसलेलं चीज मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून अर्धा मिनिट फिरवा. भांड्याच्या कडेला चिकटलेलं चमच्याने खाली ढकला आणि पुन्हा फिरवा. सरसरीत, दाणा नसलेली पेस्ट तयार होते. इथपर्यंत आलात की निम्मी काळजी मिटली. ही पेस्ट पुढे थोडी जास्त तापली तरी लगेच फुटत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

तोवर पास्ता शिजतोय. १८० ग्रॅमला सव्वा लिटर पाणी पुरे. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी काढा आणि वाटीभर पाणी बाजूला ठेवा. निथळलेली स्पॅगेटी गरम कढईत न घालता मोठ्या, गार, स्टीलच्या वाडग्यात घाला. अर्ध्या-पाऊण मिनिटात वाफेचा जोर ओसरतो. मग पेस्ट आणि मिरी घालून चिमट्याने खालून वर उचलत, झपाझप एकजीव करा. घट्ट वाटलं तर राखलेलं पाणी चमच्याचमच्याने. सॉस स्पॅगेटीला लपेटून राहायला हवा आणि वाडगा तिरका केला तर तळाशी हलकेच सरकायला हवा.

आपल्या काही सवयी ज्या आड येतात

पाण्यात तेल घालणं. पास्ता चिकटू नये म्हणून बऱ्याच घरांत घालतात. चिकटणं टाळायचं तर पहिली दोन मिनिटं ढवळत राहणं हाच उपाय आहे. तेल वरच तरंगतं आणि निथळताना पास्त्याला लागतं, मग सॉस धरत नाही.

शिजलेला पास्ता नळाखाली धुणं. नूडल्सच्या कोशिंबिरीसाठी ठीक आहे. इथे धुतलात की वरचा सगळा स्टार्च गेला.

पाकीट न वाचता घेणं. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असं लिहिलेलं असेल तरच घ्या. मैद्याचा पास्ता बाहेरून गिळगिळीत होईपर्यंत आतून शिजत नाही. ड्युरम म्हणजे काही परदेशी नवल नव्हे, बाजारात मिळणारा बन्सी रवाही ड्युरम गव्हाचाच असतो. त्या रव्याचा उपमा मोकळा होतो आणि ड्युरमचा पास्ता शिजल्यावरही दाताला लागतो, ही एकाच गव्हाची करामत.

आणि बिडाची कढई. धिरड्यांना, थालीपिठाला तिला तोड नाही. पण गॅस बंद केल्यावरही ती कितीतरी वेळ तापलेली राहते, आणि या पदार्थाला नेमकं तेच नको असतं. जाड बुडाच्या भांड्यांचंही तेच.

चीज कोणतं

पेकोरिनो मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत मिळतं, स्वस्त नसतं. नाही मिळालं तर चांगलं मुरलेलं पार्मेझान चालतं, चव थोडी गोडसर होते. पेकोरिनो असेल तर पास्त्याच्या पाण्यात मीठ निम्मं करा, सव्वा लिटरला एक सपाट लहान चमचा. ‘फार खारट झालं’ ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते. पार्मेझान असेल तर दीड चमचा घाला.

डब्यात मिळणारी चीजची कोरडी भुकटी इथे कामाची नाही. दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिच्यात सेल्युलोजसारखं काहीतरी मिसळलेलं असतं, त्यामुळे ती नीट विरघळतच नाही आणि सॉस वाळूसारखा रवाळ लागतो. हा दोष कितीही कॉर्नफ्लोअर घालून जात नाही. अख्खा तुकडा आणा आणि किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने किसा.

जे शाकाहारी आहेत त्यांनी एक लक्षात घ्यावं. अस्सल पेकोरिनो रोमानो आणि पार्मिजानो रेज्जानो (म्हणजे अस्सल इटालियन पार्मेझान) प्राण्यांपासून मिळणाऱ्या रेनेटनेच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणासारख्या पदार्थानेच बनतात. वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट वापरून केलेली पार्मेझानसारखी चीज भारतात मिळतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. पाहुण्यांना बोलावलं असेल तर हे आधी सांगणं हे यजमानाचं कर्तव्यच आहे.

आता राहिली घराघरांतली चीज क्यूब. तिला नाक मुरडणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी: प्रोसेस्ड चीज सहसा फुटत नाही, कारण बनवतानाच त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेले असतात आणि ते प्रथिनं व स्निग्धांश एकत्र बांधून ठेवतात. नुसत्या क्यूबचा सॉस बेचव होतो, हे खरं. पण १०० ग्रॅम मुरलेल्या चीजला एक क्यूब असं मिक्सरमध्ये फिरवलं तर तेच क्षार सगळ्या सॉसला आधार देतात. ज्यांचा सॉस दर वेळी फुटतो, त्यांनी पहिल्यांदा हेच करून पाहावं. एकदा हाताला आत्मविश्वास आला की क्यूब सोडून द्या.

मिरीबद्दल थोडक्यात. अख्खी मिरी मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा आणि खलबत्त्यात भरड कुटा. तयार पूड वापरू नका, तिखटपणा उरतो पण सुगंध गेलेला असतो. धूर येईपर्यंत भाजली तर कडवट होते आणि त्यावर उपाय नाही, दुसरी घ्या. रोमन साम्राज्यात मलबारची मिरी जहाजांनी जायची, आणि सम्राट डोमिशियनच्या काळात खुद्द रोम शहरात मिरीसाठी मोठी कोठारं बांधली होती. केरळची, किंवा कोकणातल्या कुणाच्या पोफळीवर चढलेल्या वेलाची मिरी घरात असेल तर या पदार्थातला निदान एक जिन्नस तुमच्याकडे रोमपेक्षा ताजा आहे.

गुठळ्या झाल्याच, तर

ढवळत बसू नका आणि पुन्हा गॅसवर तर मुळीच ठेवू नका. पास्ता चिमट्याने दुसऱ्या भांड्यात काढा आणि चमचाभर पास्त्याचं पाणी शिंपडून झाका. उरलेला गोळा आणि पाणी पाच मिनिटं निवू द्या. वर सांगितल्याप्रमाणे अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात शिजवून घ्या, एक चीज क्यूब घ्या, आणि सगळं मिळून मिक्सरमधून काढा. मिश्रण कोमट झाल्याशिवाय मिक्सर लावू नका. गरम पातळ पदार्थाच्या वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो.

गुठळ्या लहान आणि मऊ असतील तर सॉस पुष्कळसा पूर्ववत होतो. पण चीजची लांब, चिवट तार निघत असेल आणि ती दाताखाली कचकच करत असेल, तर ते प्रथिन परत सुटणार नाही. अशा वेळी तार काढून टाका, पास्त्यावर लोणी, मिरी आणि उरलंसुरलं चीज भुरभुरवून खा. जेवण वाया जात नाही.

वाडग्यात छान, ताटात घट्ट

ही तक्रारही पुष्कळांची असते, आणि इथे आपल्या घरांचं एक खास कारण आहे: डोक्यावरचा पंखा. सॉस ४५-५० अंशांच्या खाली उतरला की घट्ट व्हायला लागतो आणि पंख्याखाली पसरट ताटलीत हे दोन-तीन मिनिटांत घडतं. वाढण्याआधी ताटल्यांत गरम पाणी ओतून ठेवा, पुसून घ्या, खोलगट ताटल्या वापरा आणि जेवायला बसेपर्यंत तरी पंखा मंद करा. वाडग्यातला सॉस तुम्हाला योग्य वाटतो त्यापेक्षा किंचित पातळ ठेवा. आणि सगळ्यांना आधी बसवा, वाईन आधी ओता, पास्ता शेवटी एकत्र करा. चार-सहा जणांसाठी करायचं असेल तर पेस्ट एकदम करून ठेवा, पण पास्ता दोन खेपांत मिसळा. मोठ्या ढिगाची उष्णता आवरत नाही.

वाईनच्या तक्रारी

‘वाईन आंबट लागली’, ‘वाईन गोड लागली’, ‘मिरीने तोंड भाजलं’. हा पदार्थ खारट, स्निग्ध आणि तिखट आहे. त्याला हलकी, आंबटसर, कोरडी (ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली) व्हाइट वाईन हवी. रोमकर आपल्या शेजारच्या टेकड्यांवरची फ्रास्काती पितात. महाराष्ट्रात नाशिकची सोविन्यॉं ब्लां या जेवणाला उत्तम बसते. शेनां ब्लांही चालते, पण आपल्याकडच्या काही शेनांमध्ये गोडवा राखलेला असतो आणि खारट चीजसमोर तो ठळक होतो, म्हणून बाटलीवर ‘ड्राय’ लिहिलेलं पाहून घ्या. नाशिकच्या वाईनचं वय तसं कोवळं आहे, तिथल्या सुला या कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. तरी या दोन द्राक्षांनी तिथल्या मातीत बस्तान बसवलं आहे, हे मला मनापासून आनंदाचं वाटतं. रेड हवीच असेल तर हलकी घ्या. जड, तुरट रेड मिरीसोबत आणखी तुरट होते आणि घसा ओढला जातो.

चव बिघडण्याचं दुसरं कारण तापमान. व्हाइट वाईन ८ ते १० अंशांना हवी. त्यासाठी फ्रिजमध्ये तीन तास, किंवा घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस मिनिटं. नुसता बर्फ नको, पाण्यामुळे बाटलीला सगळीकडून गारवा लागतो. रेड वाईन ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातल्या घरांसाठी आहे. मे महिन्यातल्या पुण्या-मुंबईच्या घरात तिलाही अर्धा तास फ्रिज दाखवा. बाटल्या फ्रिजच्या वर मांडून ठेवत असाल तर जागा बदला, तिथे कायम ऊब असते आणि वाईन महिन्याभरात थकते. उघडलेली व्हाइट वाईन बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते.

वाईन सॉसमध्ये घालायची का? काचो ए पेपेमध्ये नाही. पण बरेच जण दूध-मैद्याच्या व्हाइट सॉसमध्ये किंवा क्रीममध्ये वाईन ओततात, तो सॉस फुटतो आणि दोष चीजला मिळतो. तिथे कारण वेगळं आहे. वाईन चांगलीच आम्लधर्मी असते, उकळत्या दुधात गेली की दूध नासतं. आपल्याकडचं डब्यातलं फ्रेश क्रीमही साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, ते आम्ल आणि उकळी दोन्ही एकदम सोसत नाही. म्हणून वाईन आधी कांदा-लसणावर ओता, निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवा, गॅस मंद करा आणि मगच क्रीम घाला. घातल्यावर उकळी आणू नका.

उरलेला काचो ए पेपे मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की तेल सुटतं आणि तारा होतात, त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. तो तसाच झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तीन अंडी फेटून त्यात मिसळा, तव्यावर थोड्या तेलात जाडसर पसरा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी लालसर भाजा. चीज आणि मिरी आधीच असल्यामुळे वेगळं मीठ घालू नका.